मागच्या लॉटची रीडिंग्ज

"आत्ताची नोकरी का सोडताय?" हा प्रश्न मला आजवर अकरा वेळा विचारला गेला. अकराही वेळा विचारणाऱ्याला उत्तर माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तरी दहा वेळा मी "ग्रोथसाठी" म्हणालो आणि समोरच्याने ते गंभीर चेहऱ्याने कागदावर उतरवून घेतलं. एकदाच खरं बोललो. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. घाई नाही, त्या कंपनीचा फोनही अजून यायचाच आहे.

मी क्वालिटीतला माणूस. भोसरी, चाकण, रांजणगाव अशा एमआयडीसी पालथ्या घालत एकोणीस वर्षं ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमधली भोकं शोधतोय. आमच्या धंद्यात एक रीत आहे. आपला नग ग्राहकाच्या लाईनवर गळका निघाला की तक्रार येते आणि आपण 'एट-डी' नावाचा रिपोर्ट भरून द्यायचा. त्यात 'फाइव्ह व्हाय' असतात. टोयोटावाल्यांनी रुजवलेली पद्धत: एकदा 'का' विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. नग का गळला? आत पोकळी राहिली. का राहिली? ओतताना हवा अडकली. का अडकली? डायचे व्हेंट बुजले होते. का बुजले? पाळी बदलताना साफ केले नाहीत. का केले नाहीत? कारण साफसफाईची वीस मिनिटं प्रॉडक्शनने टार्गेटसाठी खाल्ली. पाचवा 'का' बहुतेक वेळा मॅनेजरच्या केबिनच्या दाराशी येऊन उभा राहतो, म्हणून चौथ्यानंतर मीटिंगमध्ये सगळ्यांना खोकला येतो. पण रिपोर्ट भरावाच लागतो. आणि त्यात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं कारण लिहिलं तर ग्राहकाचा माणूस कागद तोंडावर फेकतो. म्हणतो, ही पळवाट झाली, कारण शोधा.

आता हीच कंपनी आणि हाच मॅनेजर, माणसाच्या बाबतीत काय करतात बघा. बारा वर्षं राबलेला सुपरवायझर राजीनामा देऊन निघाला. कारण? 'बेटर प्रॉस्पेक्ट्स.' संपलं. फाइल बंद, निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ आणि समोसा. दोन रुपयांचं वॉशर कमी पडलं तर पाच वेळा 'का' विचारणारे लोक माणूस कमी पडल्यावर एकदाही विचारत नाहीत. आणि हा निघालेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या दारात गेला, की तिथे मात्र मोठ्या उत्सुकतेने विचारतात, का सोडलंत बुवा? ज्याने विचारायला हवं तो विचारत नाही आणि ज्याला देणंघेणं नाही तो विचारतो.

देणंघेणं नाही असं म्हणालो, ते चुकलं. देणंघेणं आहे, पण उत्तराशी नाही. हा प्रश्न माहिती मिळवण्यासाठी नसतोच, ती तोंड बंद ठेवण्याची तोंडी परीक्षा असते. त्यातला खरा प्रश्न असा: 'उद्या आमच्याकडून जाशील तेव्हा आमचंही असंच झाकशील ना?' तुम्ही "ग्रोथसाठी" म्हणालात की समोरचा खूश होतो. त्याला तुमची ग्रोथ पटलेली नसते. पूर्वीच्या मालकाने तीन महिने पगार थकवला तरी हा माणूस ब्र काढत नाही, हे त्याला आवडलेलं असतं.

आपल्याकडे घटस्फोटित मुलीला पुन्हा दाखवायला बसवतात तेव्हा हाच खेळ चालतो. पहिलं घर का सोडलं, असं विचारायचं आणि तिने मात्र "जमलं नाही" एवढंच म्हणायचं. नवरा मारत होता असं म्हणाली तर पोहे खाताखाता नजरानजर होते: मुलगी जरा बोलते. मारणारा तिकडे निवांत असतो, इकडे बोलणारी अडचणीची ठरते. नोकरीच्या मुलाखतीत पोहे नसतात, बिस्किटं असतात.

माझीच गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव नको, अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत. मार्चअखेर होती. पंपाच्या हाउसिंगचा लॉट सकाळी निघायचा होता आणि लीक टेस्टिंगच्या मशीनचा सेन्सर गेला होता. नवा यायला दोन दिवस. पाठवण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर, ज्याला आम्ही पीडीआय रिपोर्ट म्हणतो, नगांची लीक रीडिंग्ज लिहावी लागतात. प्लँट हेड म्हणाले, "मागच्या लॉटची घाल. शेवटचा आकडा इकडे-तिकडे कर." किती सहज म्हणाले! जसं कोणी सांगावं की दूध संपलंय, पावडरचा चहा कर.

मी साधुसंत नाही. पहिल्या दोन वेळा मी ती घातली. शेवटचा आकडा इकडे-तिकडेही केला, आणि त्यात एक प्रकारची कारागिरी असते, हेही कबूल करतो. आकडे फार सारखे दिसता कामा नयेत, फार वेगळेही नकोत. तिसऱ्या वेळी का नाही घातली, हे मला आजही धड सांगता येत नाही. काही थोर विचार मनात आला नव्हता. रात्री साडेअकरा वाजले होते, पेन हातात होतं आणि ते टेकेना. मी सही न करता घरी गेलो. रिपोर्टवर दुसऱ्याची सही झाली, गाडी वेळेवर निघाली, कोणाचं काही बिघडलं नाही. फक्त माझ्या रात्रपाळ्या वाढल्या, आणि पगारवाढीच्या पत्रात 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा आला. सहा महिन्यांनी मी राजीनामा दिला.

जाताना एक्झिट फॉर्म भरून घेतला. त्यावर चौकोन होते: जास्त पगार, उच्च शिक्षण, स्थलांतर, तब्येत, कौटुंबिक, चांगली संधी. शेवटी 'इतर', आणि त्यापुढे दीड इंचाची रेघ. त्या दीड इंचात लीक टेस्टर मावत नव्हता. मी 'चांगली संधी'वर खूण केली. पुढच्या आठवड्यात नव्या कंपनीत, काचेच्या खोलीत, भिंतीवर 'इंटेग्रिटी' असं लिहिलेल्या पोस्टरखाली बसून मी म्हणालो, "सर, ग्रोथसाठी." आणि बोलताबोलता जाणवलं की मी पुन्हा तेच करतोय. यंत्र बंद आहे, तपासणी झालेली नाही, आणि मी मागच्या लॉटची रीडिंग्ज भरतोय. शेवटचा आकडा तेवढा इकडे-तिकडे.

हे उत्तर आम्हाला कोण शिकवतं? सगळेच. कॉलेजातला प्लेसमेंट अधिकारी शिकवतो, मोबाईलवरचा सूटवाला शिकवतो, आधी नोकरी लागलेला मावसभाऊ शिकवतो. "मागच्या मालकाबद्दल वाईट बोलू नये, चांगलं दिसत नाही." याला ते संस्कार म्हणतात. मान्य आहे, माणसाने उगीच उखाळ्यापाखाळ्या काढू नयेत. पण हा संस्कार फक्त एकाच बाजूने पाळायचा का? मी रुजू झाल्यावर नवी कंपनी पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी नेमते. ती जुन्या कंपनीला एक तक्ता पाठवते. त्यात 'सोडण्याचं कारण' असतं, 'वर्तणूक' असते आणि 'या माणसाला पुन्हा कामावर घ्याल का?' असा थेट प्रश्न असतो. म्हणजे मालकाने माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे 'नाही' म्हटलं तर ती तपासणी, आणि मी त्याच्याबद्दल तोंडावर 'नाही' म्हटलं तर तो असंस्कृतपणा. मालकाला पुन्हा मालक म्हणून घ्याल का, असा तक्ता माझ्या हातात कोणी आजवर दिलेला नाही.

सगळ्यात किळस येते ती कंत्राटी पोरांच्या मुलाखतींची. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात, म्हणजे १९४७ च्या, वर्षात २४० दिवस काम भरलं की कामगाराची सेवा सलग धरायची तरतूद होती. ती सलग झाली की कामावरून काढताना नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. त्यावर आमच्या पट्ट्याने काढलेला उपाय म्हणजे 'ब्रेक'. सात महिने होत आले की पोराला सांगायचं, उद्यापासून येऊ नको, दोन महिन्यांनी बघू. नांदेडहून, बीडहून, वाशिमहून आलेली ही पोरं चाकणला एका खोलीत सहा-सहा राहतात आणि सात-सात महिन्यांच्या तुकड्यांनी आयुष्य शिवतात. मग असा एक पोरगा चार तुकड्यांचा अनुभव घेऊन मुलाखतीला येतो आणि एसीत बसलेली व्यक्ती त्याचा बायोडेटा दोन बोटांत धरून विचारते, "तुम्ही कुठेच टिकत का नाही?"

मी त्या खोलीत होतो. पोरगा म्हणाला, "सर, ब्रेक दिला." ती व्यक्ती म्हणाली, "सगळीकडेच?" आणि हसली. ती ज्या कंपनीत बसली होती तीही सात महिन्यांनी ब्रेकच देते. कायदा चुकवायची खोड मालकांची, धरसोडीचा डाग पोराच्या कपाळी. मी तेव्हा गप्प बसलो, हेही लिहून ठेवतो.

बायकांसाठी वेगळा साचा आहे: 'कौटुंबिक कारण'. या दोन शब्दांखाली काय काय पुरलंय! मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची रजा दिली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायला सांगितलं. आमच्या मेट्रॉलॉजी लॅबमधली एक हुशार मुलगी पाळणाघर मागून मागून थकली आणि सोडून गेली. स्टोअररूमच्या बाजूला एक खोली रिकामी होती, तिथे जुने साचे ठेवले होते. साचे अजून तिथेच आहेत. तिच्या फॉर्मवर कारण: कौटुंबिक. जणू बाळ कंपनीच्या विरोधात काही कट करत होतं.

सरकारचीही तीच तऱ्हा. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर बाहेर पडण्याच्या कारणांत मृत्यू आहे, निवृत्ती आहे, कायमचं अपंगत्व आहे. जो जिवंत आहे, धडधाकट आहे, फक्त वैतागून बाहेर पडला, त्याच्यासाठी 'सेसेशन'. थांबला. पंखा थांबतो तसा.

कोणी म्हणेल, एवढं खरं बोलून जगात कोणाचं भलं झालंय? महाराष्ट्रातल्या माणसाने तरी हे विचारू नये. १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडताना टिळकांनी पानंच्या पानं कारणं लिहिली. त्यांना कोणी चौकोनात खूण करायला सांगितलं नव्हतं. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं आणि का सोडतोय ते भर लोकसभेत पंतप्रधानांसमोर सांगितलं. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. "मागच्या साहेबांविषयी वाईट बोलता" म्हणून कोणी त्यांचा अर्ज बाजूला ठेवला नाही. अर्थात ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, माझ्यासारखे गळके नग मोजणारे नव्हते, हे मला कळतं. खरं बोलण्याची ऐपत लागते. माझा राग त्या ऐपतीच्या अटीवर आहे.

आणि बाबासाहेब. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून फायली लांबून टेबलावर टाकत. गावात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तर काही दिवसांत लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले. नोकरी सुटली. पुढच्या वर्षी, १९१८ च्या नोव्हेंबरात, ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आता कल्पना करा, आजचा एखादा करिअर सल्लागार त्यांची तयारी करून घेतोय. तो म्हणेल, "सर, हा बडोद्याचा अनुभव फारच थोड्या दिवसांचा आहे, शंका घेतील. लाठ्यांचं काढू नका, निगेटिव्ह वाटतं. 'निवासाची अडचण' असं लिहा." आणि ते खोटंही नसेल! आम्हाला शिकवलेल्या खोटेपणाची हीच खुबी आहे, शब्द खरे असतात. १९५१ साली कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर त्यांना कारणं सभागृहात सांगायची होती. निवेदनाची प्रत आधी द्या, असा आग्रह झाला, तेव्हा बोलू दिलं नाही. ते उठून बाहेर गेले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. जाणाऱ्याचं ऐकून घ्यायचं नाही, ही रीत काही आमच्या एचआर खात्याने काढलेली नाही.

मालकांची बाजूही मला ठाऊक आहे. ते म्हणतात, भांडखोर माणूस वेळीच ओळखता यावा म्हणून विचारतो. ठीक. मग या प्रश्नाने किती भांडखोर पकडले? रांजणगावला आमचा एक स्टोअरकीपर भंगाराच्या गाडीतून चांगला माल बाहेर काढायचा. पकडला गेला. पोलीस नकोत, बोभाटा नको, म्हणून त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. महिनाभरात त्याला शेजारच्या कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत काय बोलला ते त्यानेच मला चहाच्या टपरीवर ऐकवलं. असं घोटीव, असं गोड उत्तर मी जन्मात दिलं नसतं. जुन्या कंपनीने शिकवलं, घडवलं, आता नवी क्षितिजं. चोराला या प्रश्नाची भीती नसते, त्याची तयारी पक्की असते. अडखळतो तो ज्याला खोटं बोलायची सवय नाही.

आणि आता अकरावी वेळ. चाकणची कंपनी, मोठी, स्वच्छ, कँटीनमध्ये पालेभाजी मिळणारी. समोर प्लँट हेड आणि एचआरच्या मॅडम. प्रश्न आला. त्या दिवशी मी पेन न टेकणाऱ्या रात्रीसारखाच होतो. सगळं सांगितलं: सेन्सर, मागचा लॉट, आधीच्या दोन सह्यांसकट. प्लँट हेड खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "वा! क्वालिटीला असाच माणूस पाहिजे." चहा पुन्हा मागवला. मग मॅडम जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे इथेही कधी तशी वेळ आली तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. प्लँट हेड खिडकीतून बाहेर ट्रकचा नंबर वाचू लागले.

शेवटी रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? मी म्हणालो, "एकच. माझ्या आधी या जागेवर जे साहेब होते, ते का गेले?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बेटर प्रॉस्पेक्ट्स," मॅडम म्हणाल्या.

त्या जागेवरून दीड वर्षात तीन माणसं गेली होती. हे मला नंतर गेटवरच्या वॉचमनने सांगितलं, तेही न विचारता.

आता मीही टेबलाच्या त्या बाजूला बसतो, माझ्या खात्यासाठी माणसं घ्यायची असतात तेव्हा. फॉर्म कंपनीचाच. त्यात चौदावा रकाना, 'सध्याची नोकरी सोडण्याचं कारण'. गेल्या महिन्यात एक इन्स्पेक्टर आला होता. हात चांगला, मायक्रोमीटर धरण्याची पद्धत बघूनच कळतं. चौदाव्या रकान्याशी त्याचं पेन अडलं. मी त्याला म्हणालो, "ते रिकामं सोडा. मला नकोय. तुम्हाला कधी सांगावंसं वाटलं तर सांगा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू यातही काही चाल असावी. मग रिकामा सोडला. मी त्याला निवडला आणि सही करून फॉर्म वर पाठवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर परत आला होता. वर लाल पेनने लिहिलं होतं: रकाना १४ अपूर्ण. पूर्ण करून पाठवा.